खोड कोणाच्या वाट्याचं

माघात मोहरलेल्या आंब्याखाली थोडा वेळ उभं राहिलं की चष्म्यावर चिकट ठिपके पडतात. वर तुडतुडे असतात. ते पानावरून पानावर उड्या मारतात आणि त्यांचा टिकटिक असा बारीक आवाज येतो, पत्र्यावर मोहरी सांडावी तसा. बाकीच्यांना मोहराचा वास आठवतो. मला हल्ली आवाजच आठवतात. दोन वर्षं झाली, मी आंब्याकडे नाक घेऊन जात नाही, कान घेऊन जाते.

यंदाही गफूरचाचांचा फोन आला. "ताई, मोहर फुटला. कधी येता?" एवढंच बोलले. मोहर कसा आहे, किती आहे, यातलं काही नाही. मीही विचारलं नाही. मी सांभाळते त्या वसतिगृहाच्या कोठाराची किल्ली मदतनीस बाईंकडे दिली, पिशवीत सायकलच्या चाकाची तार, विजेरी, कापूस आणि मोरचूद-चुन्याची लेप करायची जुनी बादली टाकली आणि नांदेडहून चाकूरची बस धरली.

चाचा आमच्या गावचे बागवान. पन्नास वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बागा फळावर, म्हणजे हंगामापुरत्या, घेतल्या. मोहर पाहून झाड ठरवायचं, कैरी धरली की झाडाखाली खाट टाकायची, वानरं हाकायची, आंबा उतरवायचा आणि खाट उचलून घरी यायचं. साठी ओलांडल्यावर त्यांनी आमच्या बांधाला लागून दोन एकर घेतले आणि केशरची साठ झाडं लावली. गाव हसलं. आंबा तिशीत लावावा म्हणतात. चाचा म्हणाले, "लोकाच्या झाडाखाली झोपून पाठ मोडली. आता आपल्या झाडाखाली मोडू दे."

त्या साठ झाडांना आता आठवं वर्ष आहे. चाचांना सत्तरावं. पुन्हा लावून पुन्हा फळ पाहण्याएवढं आयुष्य हातात नाही, हे त्यांना माहीत आहे, मलाही. म्हणून मोहर आला की मी जाते आणि झाडं तपासते. त्यांना जवळचं नीट दिसत नाही. आणि ही तपासणी मुळात माझ्यामुळे करावी लागते.

बांधावर जिथे आता खड्डा आहे, तिथे आमचा शेप्या होता. गावरान आंबा. पिकला की शेपूच्या भाजीचा वास यायचा, म्हणून शेप्या. पोरांना तो आवडायचा नाही, पण कच्चा असताना लोणच्याला त्याच्यासारखी कैरी नव्हती. आजोबांच्या चार मुलांची वाटणी झाली तेव्हा जमिनीचे चार तुकडे पडले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, पण आंबा एकच. मग आमच्याकडे करतात तसं केलं. झाडाला चार मोठ्या फांद्या होत्या, त्या चौघांना वाटून दिल्या. उगवतीची माझ्या वडिलांची, मावळतीची बाळूदादाच्या वडिलांची, विहिरीकडची धाकट्या काकांची आणि वाटेवरची भास्करच्या वडिलांची. ज्याच्या फांदीचा आंबा त्याचा. खाली पडलेला कोणाचा, यावर एकदा दोन वर्षं अबोला झाला होता. मग तोही नियम ठरला: ज्याच्या फांदीखाली पडला त्याचा. वारा कोणाच्या बाजूचा, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पुढच्या पिढीत ती उगवतीची फांदी माझ्याकडे आली. बाळूदादा गावातच शेती करतो. धाकटी काकू एकटी राहते. भास्कर निलंग्याला असतो. चौघांचे चार वाटे सगळ्यांना पाठ होते.

खोड कोणाचं, हे कधी ठरलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात मी माझी फांदी पाहायला गेले होते. बेचक्यात जाळं धरलेलं दिसलं, त्यात लाकडाचा भुगा आणि अळीची लेंडकी अडकलेली. साल खाणारी अळी. ती दिवसा बिळात बसते आणि अंधार पडला की जाळ्याच्या आडून साल खाते. मी शिडी लावली, तारेने बिळं कोरली, एकेक अळी ओढून काढली, औषधात भिजवलेले बोळे कोंबले, वरून चिखल लिंपला. मग मोरचूद आणि चुन्याचा लेप सगळ्या फांदीला दिला. संध्याकाळी शेप्या तीन बाजूंनी काळा आणि एका बाजूने निळसर पांढरा दिसत होता.

बाळूदादा बैल घेऊन चालला होता. थांबला. "काय सुमन, आंब्याचं लगीन हाय का? एकाच हाताला हळद लावलीस."

"तुझ्या फांदीला पण दे. बादलीत लेप उरलाय."

"माझ्या फांदीला काय झालंय? ठणठणीत हाय. तू आपली कोठाराची वही सांभाळ."

त्याची फांदी ठणठणीत नव्हती. काकूची त्याहून वाईट होती. तिच्या फांदीचे शेंडे वाळले होते आणि बोटभर जाडीच्या डहाळ्यांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती, ओळीने. मी काकूला सांगितलं. ती म्हणाली, "मला शिडीवर चढता येतंय व्हय? आन बाळूच्या आधी मी कशाला करू? त्याचं बघून करते."

बुंध्याशीही भुसा पडलेला होता. ओंजळभर. जाडसर, तंतू-तंतूचा, रंधा मारल्यासारखा. मी पायाने सारला आणि वाळवी असेल असं धरलं. वहीत लिहिलं: बुंधा, चौघांना विचारणे. आणि बसच्या वेळेला निघाले.

आता वाटतं, मी कोठारातली बाई. भुशावरून किडा ओळखणं हे माझं रोजचं काम. तांदळाच्या पोत्यात हात घातला की मला कळतं कोण आहे. सोंडा दाण्याच्या आत राहतो, अख्खा दाणा पोखरतो आणि गोल भोक पाडून बाहेर येतो. पाकोळी पोत्याच्या वरच्या थरात जाळी करते. लाल बारीक किडा अख्ख्या दाण्याच्या वाटेलाच जात नाही, बाकीच्यांनी केलेलं पीठ खातो. तिघंही एका पोत्यात असतात आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. इतक्या वर्षांत हे मला रोज दिसत होतं. तरी बांधावरचा तो जाडा भुसा मी पायाने सारला, कारण तो माझ्या फांदीखाली नव्हता.

अक्षय तृतीयेच्या सुमारास चाचांनी बोलावून घेतलं. दुपारची वेळ होती. रानात माणूस नव्हतं, होले पक्षीसुद्धा गप्प होते. चाचा शेप्यापाशी उभे होते.

"ताई, कान लावा."

"कुठे?"

"खोडाला. श्वास धरा थोडा."

मी कान लावला. साल गरम होती. आधी काही नाही. मग आतून आलं: कर्र, कर्र. थांबलं. पुन्हा कर्र. कोणीतरी कोरडी भाकरी सावकाश चावत असावं, घाई नाही, कोणाची भीती नाही, तसं. मी कान काढला तर चाचा माझ्याकडे बघत होते.

"एक न्हाई. बाजूला लावा. तिकडं पन हाय. भिरूड हाय ह्ये. अळी अंगठ्यायवढी होती आतमंदी. मिरगाच्या पान्याला भुंगा होऊन भायेर पडतो. लांब मिशांचा. मग पुढचं झाड बघतो." त्यांनी मान वळवली नाही, पण मला कळलं ते कोणती झाडं म्हणत होते. बांधापलीकडे वीस पावलांवर त्यांची पहिली ओळ सुरू होत होती.

"औषध घातलं तर?"

"दोन-तीन असते तर घातलो असतो. आता आतून पोकळ झालंय. पाडा आन जाळा. पाऊस यायच्या आधी. नंतर पाडलं काय आन न पाडलं काय."

चाचांनी आयुष्यात कोणाला झाड पाडा म्हटलं नव्हतं. ते पाडा म्हणाले, हे मी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. चौघांची संमती घ्यायची, झाड कापणाऱ्या आरेवाल्याला बोलवायचं, मिरगाच्या आधी जाळायचं: तीन कामांची यादी केली, शेजारी दिवस लिहिले. मला वाटलं, यादी झाली म्हणजे अर्धं काम झालं.

बाळूदादा म्हणाला, "त्या बागवानाच्या झाडांसाठी आजोबांचं झाड पाडायचं?"

मी म्हटलं, "झाड तसंही जाणार आहे."

"जाईल तेव्हा जाईल. माझी फांदी हिरवी हाय."

काकू म्हणाली, "बाळू हो म्हनला तर माझं काय न्हाई." भास्कर फोनवर म्हणाला, "मी आल्याशिवाय हात लावू नका." कधी येणार, ते सांगितलं नाही.

आणि मी? ही गोष्ट मी फार जणांना सांगत नाही. त्या वर्षी माझी फांदी लगडली होती. लेप दिलेली, निगा राखलेली, एकेका घोसाला चार-चार कैऱ्या. लोणच्याला अजून वीस दिवस हवे होते. माझ्या घरचं, दोन्ही नणंदांकडचं लोणचं त्याच कैरीचं. मी चाचांना म्हटलं, "चाचा, एवढी कैरी उतरू द्या. मग लगेच. मिरगाला अजून महिना आहे."

 बागवान माणूस, कैरी धरलेलं झाड पाडा म्हणणं त्यांनाही जड असणार. "बघा बेटी," एवढंच म्हणाले. ते मला नेहमी ताई म्हणतात. बेटी तेव्हा पहिल्यांदा म्हणाले. ती परवानगी नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

बाळूदादाला मात्र कारण सापडलं. "सुमनच थांबा म्हनून राह्यली," तो गावभर सांगत सुटला. "मग मी कशाला घाई करू?"

ते वीस दिवस मला अजून दिवसागणिक आठवतात. नांदेडला उकाडा होता, वसतिगृहातल्या मुली सुट्टीला गेल्या होत्या, कोठार रिकामं करून मी पोती उन्हात घातली होती. दुपारी जमिनीवर आडवं झालं की कान फरशीला लागायचा आणि मी दचकून उठायची. फरशीत काही नव्हतं. तरी मी उशी घ्यायला लागले.

कैरी उतरवली. चांगली निघाली. त्याच दिवशी माझी फांदी पाडली, मग काकूची, मग कुरकुरत बाळूदादाची. प्रत्येकाने आपापली पाडून घेतली. आरेवाला खोडापाशी येऊन थांबला. "चौथ्याची सही आना. खोडात चौघं हायेत. उद्या मला कोनी कोर्टात नेलं तर?" भास्कर आला नव्हता. त्याची वाटेवरची फांदी एकटी हवेत राहिली होती, खाली ते खोड, आणि तीन बाजूंना ओल्या पांढऱ्या थाळीएवढ्या जखमा.

पाडलेल्या फांद्यांची साल मी आणि चाचांनी सोलली. जाळण्याआधी बघावं म्हणून. तिथे मी जे पाहिलं, ते मला झाडाच्या मरण्यापेक्षा जास्त भिववतं.

सालीखाली रेघा होत्या. मनगटाएवढ्या फांद्यांवर एका जातीच्या, बारीक, तपकिरी, वळणावळणाच्या. तिळाएवढा किडा, तो साल आणि लाकूड यांच्या मधल्या ओलाव्यात राहतो, खोल जात नाही. बोटाएवढ्या डहाळ्यांत दुसरा, त्याहून लहान. तो सालीत थांबत नाही, सरळ लाकडात शिरतो. त्याची भोकं आतून काळी होती. चाचा म्हणाले ती बुरशी असते, किडाच ती घेऊन येतो, आत लावतो आणि तीच खातो. म्हणजे शेतीच. बेचक्यात साल खाणारी अळी. खाली जाड खोडात भिरूड. कोणाचा पत्ता चुकलेला नव्हता. एका जागी दोन रेघा एकमेकींकडे येत होत्या. मी बोट ठेवून पुढे गेले. नखभर अंतर राहिलं आणि दोन्ही वळल्या. एक इकडे, एक तिकडे. मध्ये नखभर साल कोरी सोडलेली.

"बघा ताई," चाचा म्हणाले, "चार जातीचे हायेत. एका झाडात ऱ्हाऊन राह्यलेत. ना भांडन, ना तंटा, ना सही."

मी हसले. मग हसू गेलं. ते समजूतदार होते म्हणून भांडत नव्हते असं नाही. प्रत्येकाला वेगळं हवं होतं, एवढंच. एकाला जाड, एकाला बारीक, एकाला ओलं, एकाला सुकत आलेलं. पहिला आला, झाड अशक्त झालं. अशक्त झाडाच्या वासावर दुसरा आला. दोघांच्या कामावर तिसरा. झाडाच्या बाजूने पाहिलं तर ते भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात थोडी जागा पडीक राहते, थोडा वेळ जातो. वाटणी इतकी चोख असली की झाडाला स्वतःसाठी काही उरत नाही. आमचा तंटा आणि त्यांचा शहाणपणा दोन्ही एकाच झाडावर चालू होते, आणि दोन्हींनी मिळून ते संपवलं.

आम्ही चार फांद्या वाटल्या होत्या. त्यांनी खोडसुद्धा वाटून घेतलं होतं.

भास्कर मिरग लागल्यावर चार दिवसांनी आला. तोवर दोन सरी पडून गेल्या होत्या. सही केली आणि म्हणाला, "एवढ्यासाठी अडलं होतं व्हय? फोनवर सांगायचं ना." आरेवाल्याने खोडाला आरा लावला. खोड पडलं तेव्हा आत बोगदे होते, माझा हात कोपरापर्यंत जाईल असे. काहींत अळ्या होत्या, पिवळट, गुबगुबीत. काहींत मिशा गुंडाळून बसलेले भुंगे, अजून मऊ. काही खोल्या रिकाम्या होत्या. चाचांनी त्या रिकाम्या मोजल्या नाहीत. मी मोजल्या. सात होत्या. जुन्या की नव्या, कोण सांगणार? ओल्या लाकडावर रॉकेल ओतून दिवसभर जाळलं. धूर चाचांच्या बागेवरून गेला आणि चाचा त्याच्याकडे पाठ करून बसले.

गेल्या माघात मी साठही झाडं पाहिली. भुसा कुठे नव्हता. चाचांच्या घरी शिरखुर्मा खाल्ला, चाची म्हणाल्या, "उगाच जीवाला लावून घेतलं बाईने." मीही तसंच म्हटलं. वर्ष बरं गेलं.

यंदा बसमधून उतरले तर चाचा रस्त्यावर आले होते. बागेत मोहर असा होता की पानं दिसत नव्हती. तुडतुडे टिकटिकत होते. आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी प्रत्येक खोडाला कान लावला. काही नाही. विजेरीने बुंधा पाहिला. काही नाही. तिसऱ्या ओळीत एका झाडाला मोहर बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच होता. मला ते आवडलं नाही. झाड जायला आलं की कधीकधी असंच भरून मोहरतं.

दोन वर्षांपासून चाचांची मुलं बुंध्याशी उसाचं पाचट पसरतात, ओल टिकावी म्हणून. सगळेच पसरतात. गेल्या वर्षी मी पाचटाच्या वरचं खोड पाहिलं होतं. या वेळी मी पाचट बाजूला केलं. जमिनीपासून वीतभर वर भोक होतं. माझी करंगळी सहज जाईल असं. गोल, काठ स्वच्छ, गिरमिटाने पाडल्यासारखं. पाचटात खाली कुजलेला भुसा होता, जुना, काळा पडलेला. भोकातून ताजं काहीच येत नव्हतं.

"काय हाय?" चाचा मागून म्हणाले.

"भोक आहे."

"भुसा?"

"जुना आहे. ताजा नाही."

चाचा हळूहळू खाली बसले. भोकावर बोट फिरवलं, काठाने, दोनदा. "भुसा असता तर म्हनलो असतो, आत हाय. तारेनं काढलो असतो." बोट भोकाच्या तोंडाशी ठेवलं. "ह्ये दार हाय ताई. भायेर जायचं. गेल्या मिरगाला गेला ह्यो."

"एकच असेल."

"एक भुंगी लई अंडी घालती." ते शांतपणे म्हणाले, जसं आपण पावसाबद्दल बोलतो. मग हाक मारून मुलाला कुऱ्हाड आणायला सांगितलं. मुलगा म्हणाला, "अब्बा, मोहर हाय." चाचा म्हणाले, "हाय ना. आन कुऱ्हाड." कोणाला विचारायचं नव्हतं, कोणाची सही नव्हती. घरून आलेला चहा थंड व्हायच्या आत ते झाड आडवं झालं आणि मोहर मातीत पसरला.

मी म्हटलं, "चाचा, माझ्या त्या वीस दिवसांनी..."

"बाकीच्या झाडांचं पाचट काढू," ते म्हणाले. "तुम्ही त्या टोकाकडून या."

मी टोकाला जाऊन बसले आणि दोन्ही हातांनी पाचट ओढू लागले. पहिलं झाड स्वच्छ होतं. दुसरंही. मी मोठ्याने सांगत होते, "काही नाही, चाचा," आणि पलीकडून त्यांचं "हौ, हितंबी न्हाई," येत होतं. चारपाच झाडं असं चाललं. मग मी म्हटलं, "काही नाही, चाचा," आणि पलीकडून काही आलं नाही.

मी उठून पाहिलं. ते चौथ्या ओळीत गुडघ्यांवर बसले होते, एक हात पाचटात कोपरापर्यंत, बुंध्यावर एकाच जागी. मान वर, मोहराकडे. हात ते बाहेर काढत नव्हते.